फायनान्सवाली

आमच्याकडे हप्ता थकला की मोटारसायकल ओढून नेणाऱ्यांना फायनान्सवाले म्हणतात. त्यामुळे नात फायनान्समध्ये एमबीए आहे म्हटल्यावर तिला बघायला आलेल्या मुलाच्या वडलांनी चहाची बशी खाली ठेवली.

"म्हणजे गाड्या ओढणारी? मागच्याच महिन्यात आमच्या मेव्हण्याची नेली."

मी चिडलो. "पाव्हणं, पुण्याला जाऊन शिकलीय ती. मोठमोठ्या कंपन्यांचं भांडवल बघते. गाड्या ओढायला कशाला लागतंय शिक्षण?"

मुलाच्या आईला ते पटलं. "मग हरकत नाही," म्हणत ती नातीला कुंकू लावायला उठली.

नातीनं तिचा हात धरला. "लागतं, आप्पा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुम्हाला भांडवल सांगितलं, पण मी वसुलीला आहे. तिथं आता एमबीएच घेतात."