नवी रॅम

“कॉम्प्युटर फारच रेंगाळतोय. आणखी एक रॅम टाकायलाच हवी,” नवरा दर रविवारी म्हणतो. गेल्या रविवारी टाकलेली त्याला आठवत नाही. मग तो दुपारी लवंडला की तीच रॅम मी हळूच काढते, खोक्यात घालते, वर चिकटपट्टी लावते. त्याच्याच हाताखाली शिकलेय मी हे सगळं.

आजही खोकं पुढे केलं. त्याने दोन्ही अंगठ्यांनी दाबून रॅम टक्कन बसवली, कॉम्प्युटर सुरू केला आणि खुलला.

“बघा, कसा पळतोय!” मग आवाज खाली आणून म्हणाला, “फक्त माझ्या बायकोला सांगू नका हं, दुकानातून आणून दिलंत ते. फार कटकट करते हो ती.”

“नाही सांगत,” मी म्हटलं. “पुढच्या रविवारी येते.”