एका पायाची चप्पल

‘स्लिपर’ला अरबीत काय म्हणतात, हे दुपारी दोन वाजता बेलापुरात कुणालाही माहीत नव्हतं. चारच्या आत माहीत होणं भाग होतं.

पंकजाचा नवरा गोरक्ष कालपासून आखातातल्या एका पोलीस चौकीत बसून होता. कंपनीच्या कोऱ्या टँकरला नजर लागू नये म्हणून त्यानं मागं एक जुनी चप्पल टांगली, एवढाच गुन्हा. इकडं रस्त्यावर अशा चपलेकडं कुत्रंसुद्धा बघत नाही. तिकडं मागच्या गाडीतल्या साहेबांनी बघितलं, आणि ती आपल्यालाच दाखवली असं त्यांनी धरलं. घरच्यांनी चारच्या आत अरबीत खुलासा पाठवावा, नाहीतर कागद वर जाईल, असा कंपनीच्या कारकुनाचा निरोप होता. वर म्हणजे कुठं, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नव्हती.

मदतीला बोलावलेल्या राधाकृष्ण सरांनी बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. त्यांनी खुलासा इंग्रजीत लिहिला, मोबाईलकडून त्याचं अरबी करून घेतलं, आणि खात्रीसाठी ते उलट मराठीत आणलं. मग चष्मा काढून पुसला.

“काय झालं, सर?” पंकजानं विचारलं.

“आपण गाडीला घोड्याची नाल बांधली होती, असं येतंय.”

“मंग नालच ऱ्हाऊ द्या की, गुरुजी,” सासू रतनबाई म्हणाल्या. “नाल बरी. दाराला समदेच ठोकत्यात.”

“आत्या, त्यांच्याकडं फोटो हाय.”

सरांनी शब्द बदलला. बूट आला. पुन्हा बदलला. या खेपेला चप्पल आली, पण अख्खं वाक्य असं झालं : ‘आम्ही तुमच्या वाईट नजरेला चप्पल दाखवतो.’

रतनबाईंनी पदर तोंडाला लावला. सरांनी कुणीतरी ऐकत असल्यासारखं ते घाईनं पुसलं.

“नजर काढून टाका, सर,” पंकजा म्हणाली. “एवढंच लिहा. चप्पल जुनी हाय. गाडी नवी हाय. माणूस वाईट न्हाई.”

हे उलटं नीट आलं. तरी पाठवायच्या आधी तिघंही त्या अक्षरांकडं बघत राहिले. उजवीकडून डावीकडं जाणाऱ्या त्या ओळीत गोरक्ष नेमका कुठं आहे, हे कुणालाच कळत नव्हतं.

पावणेचारला पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. मग बराच वेळ काहीच नाही. रतनबाई देवाचं नाव घेत होत्या, सर घड्याळ बघत होते.

कारकुनाचं उत्तर आलं. सरांनी ते आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं.

“अधिकारी विचारतायत, दुसऱ्या पायाची कुठाय?”

कुणी हसलं नाही. पंकजा तोवर उठून दारात गेली होती.

“आमच्या नव्या घराला टांगलीय. स्लॅब राहिलाय अजून,” ती म्हणाली. “थांबा म्हणावं त्यांना. फोटो काढून आणते.”