वाटेवरचं शेवटचं घर

अलिबागपासून किनाऱ्या-किनाऱ्याने गाडी हाकून जयवंतची कंबर पार मोडली होती. आईच्या दिवसकार्यानंतर पाच वर्षांनी तो बायको-मुलीला घेऊन कॅनडाहून आला होता. किल्ले झाले, पुळणी झाल्या, फेरीबोटींच्या रांगा झाल्या. वेंगुर्ल्याजवळचं घर तेवढं शेवटच्या रात्रीपुरतं उरलं होतं. उद्या गोव्याहून विमान.

घरापुढच्या खळ्यात गाडी थांबली तेव्हा लेक वाळूने माखून मागच्या सीटवर झोपली होती. बायको, शलाका, उतरली ती थेट ओटीवरच्या बाकावर आडवी झाली. दिवेलागण झाली होती. त्याच्या वडिलांनी, आबांनी, तुळशीपुढे दिवा ठेवला आणि हात जोडून देवाला रोजचं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! माझो झील परमुलखात आसा. तेका सुखरूप घराक घेवन ये रे म्हाराजा!"

जयवंतला तेवढ्या थकव्यातही हसू आलं. "आबा, मी आलोय की! हा काय, तुमच्या मागे उभा."

आबांनी मान वळवली. गाडीच्या आरशाला टांगलेली शंखांची माळ पाहिली, मग त्याला पाहिलं.

"एका रातीचो पावणो इलो आसा," ते शांतपणे म्हणाले. "झील अजून येवचो आसा."

पुन्हा देवाकडे वळून त्यांनी तेच गाऱ्हाणं पहिल्यापासून घातलं. त्यावर मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायला पूर्वी आई असायची. ती गेल्यापासून मागे कुणीच नसायचं.

जयवंतने हात जोडले. गाडीची किल्ली तळव्यांत रुतली.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.