गोठ्याचा खिळा

"अगं, मी जिवंत आहे अजून! भिंतीवर कसली टांगतेस मला?" निवृत्त सिस्टर चिडल्याच. प्लायवूडवर बारीक करवतीनं मी कोरलेला त्यांचा चेहरा त्यांनी धड पाहिलासुद्धा नाही.

त्यांची बोटं मात्र चौकटीवरून फिरली. ते आमच्या पाडलेल्या गोठ्याचं लाकूड होतं. त्यातला एक गंजका खिळा मी मुद्दाम तसाच ठेवला होता. बोटं तिथं थबकली.

"पुरात एकीचं बाळंतपण गोठ्यात केलं होतं गं. अशाच खिळ्याला सलाईन टांगली होती. त्याच आठवड्यात माझी बदली झाली. बाई जगली की नाही, कधी कळलंच नाही."

"हाच तो खिळा, सिस्टर. आणि ते बाळ मी."

दाराबाहेर साडी-नारळ घेऊन एकजण अवघडून उभी होती. मी तिला हाक मारली, "आई, ये की आत."