परतीचा व्हिसा

तांदळाच्या कणगीतही पासपोर्ट नव्हता.

सुचिताने कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला आणि हात झटकत ती उभी राहिली. सकाळपासून घरातली एकही वस्तू जागेवर उरली नव्हती. गाद्या अंगणात, कपाटाचे खण खाटेवर. देव्हाऱ्यातले देवसुद्धा तिने पाटावर उतरवून ठेवले होते.

"नीट आठवा ना," ती नवऱ्याला म्हणाली. "आल्या दिवशी कुठे ठेवलात?"

"कपाटातच ठेवला असणार," गणराज म्हणाला. "मला तर काही समजतच नाही."

गणराज नऊ वर्षं सौदीत दमामला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. या खेपेला तो तीन वर्षांनी घरी आला होता. चाळीस दिवसांची रजा आहे, शनिवारी परतीचा व्हिसा संपतो, असं त्याने आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. त्याच्या आत तिकडे पोचलं नाही, तर इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना रद्द. आणि इकामा गेला की नोकरी गेली. घरात सगळ्यांना हे पाठ होतं.

आज बुधवार होता.

त्याची आई, सोनूबाई, दारात बसून सुक्या बोंबलांची पुडकी बांधत होती. निम्मी बॅग भरून झाली होती.

"घरातली वस्तू घरातनं जाईल कुठं?" ती म्हणाली. "पाय फुटलं काय तिला?" मग सुनेकडे न बघताच पुढे म्हणाली, "कोनाच्या तरी मनात व्हतंच, त्यानं जाऊ न्हाय म्हनून."

सुचिताचा हात थांबला. "आई, मी म्हटलं होतं, आता तिकडचं पुरे करा. पण बोलणं वेगळं आणि लपवणं वेगळं."

"मंग गेला कुठं?"

सुचिताने नवऱ्याकडे पाहिलं. तो गुडघ्यांवर बसून खाटेखाली डोकावत होता. तिथे त्याचं सकाळपासून दोनदा शोधून झालं होतं.

दुपारपर्यंत आळीभर झालं. सुचिता नळावर गेली तेव्हा शेजारणीने हसत विचारलं, "सापडला का गो? का तुझ्याच ट्रंकेत निघाला?" सुचिता अर्धा हंडा तसाच घेऊन परत आली. तो पडवीत ठेवून तिने साडी बदलली.

"मी मुरुडला जाते. पोलिसांत तक्रार देते. येऊन घर तपासू देत, माझी ट्रंक तपासू देत, माहेरी जाऊन बघू देत. मला पासपोर्टचा नंबर लिहून द्या."

"पोलिसांत कशाला?" गणराज उठून उभा राहिला.

"नवा काढायचा तरी तक्रार लागतेच ना?"

"उद्या जाऊ."

"उद्या गुरुवार. दिवस कुठेयत आता? नंबर द्या."

"पाठ नाही मला."

"मोबाइलमध्ये फोटो असेल."

"हा मोबाइल नवा आहे," तो म्हणाला आणि शर्टाच्या बाहीने त्याने मान पुसली. "सुचिता, तुझ्यावर कोण संशय घेतंय? आई उगाच बोलते."

"मग तुम्ही आईंना तसं सांगितलं का नाही?"

तो पुन्हा खाटेखाली वाकला. तिने पिशवी उचलली. दोनच्या एसटीला अजून पंधरा मिनिटं होती.

तेवढ्यात तिचा सासरा, अंबाजी, वाडीतून आला. सकाळपासून तो सुपारीच्या झाडांना पाणी सोडत होता, शोधाशोधीत कुठे नव्हता. पायांवर पाणी घेता घेता त्याने विचारलं, "कुठं निघालीस, सूनबाई?"

"पोलिसांत, बाबा. पासपोर्ट हरवल्याची तक्रार द्यायला."

अंबाजीने तांब्या खाली ठेवला. पायरीवर बसला.

"नको जाऊस. मी जाळला तो."

"काय जाळला?" सोनूबाईच्या हातातलं पुडकं सुटलं.

"पासपोर्ट. सोमवारी वाडीत झावळ्या पेटवल्या ना, त्यात टाकला. पोरगा पुन्हा तिकडं जाऊ न्हाय असं वाटत व्हतं मला. आता काय तक्रार करायची ती माझ्यावर करा."

सोनूबाईने कपाळावर हात मारून घेतला. तिला काय काय बोलायचं होतं, पण आधी ती रडत सुनेजवळ गेली आणि नुसतीच तिचा दंड धरून उभी राहिली. सुचिता बॅगेपाशी खाली बसली. सासऱ्यावर कसली तक्रार करायची? थोड्या वेळाने तिने बॅगेतली बोंबलांची पुडकी एकेक करून बाहेर काढली.

गणराज मात्र जागचा हलला नाही. एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तसा तो बापाकडे बघत राहिला.

शनिवार आला आणि गेला. नळावर आता कोणी सुचिताला छेडत नव्हतं. बाप्यांच्या बैठकीत बोलणी अंबाजीची होत होती. म्हाताऱ्याने पोराच्या पोटावर पाय दिला, असं लोक त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत. सोनूबाईने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, ताट पुढे सरकवून ती आत निघून जाई. अंबाजी मुकाट्याने जेवायचा आणि वाडीत जायचा.

रविवारी सकाळी गणराज त्याच्या मागोमाग वाडीत गेला. अंबाजी गळलेल्या सुपाऱ्या वेचत होता. गणराजही खाली बसून वेचायला लागला. टोपली निम्मी भरली तेव्हा त्याने विचारलं.

"बाबा, जाळलात म्हणता, पण तो तुम्हाला मिळाला कुठे?"

अंबाजीने वर पाहिलं नाही.

"मला कुठनं मिळनार? तो तुझ्या मालकानं दाबून ठेवलाय. तू पळून एम्बसीत गेलास, तवा मुरुडचे पोलीस माझ्याकडंच आले व्हते, ह्यो पोरगा तुमचाच का म्हनून विचारायला. पासपोर्टाबिगर तुला घरी धाडायच्या कागदावर सही मीच केली."