जागा कमी पडली तेव्हा

या मंडळी, जरा पुढे सरका. एका हट्टी माणसाची गोष्ट ऐकवतो. आधी ते साप्ताहिक चालवायचे, मग गावाने त्यांना नगराध्यक्ष केलं, आणि म्हातारपणी त्यांनी गावाचा इतिहास लिहिला. सगळे त्यांना संपादकमामा म्हणत.

पुस्तक नगरपालिका छापणार होती. हस्तलिखित चाळताना आताचे नगराध्यक्ष गावच्या सुईणबाईच्या पानावर अडले. या नगराध्यक्षांच्या वडिलांनी, ते स्वतः नगराध्यक्ष असताना, गावचं प्रसूतिगृह पाडायला बुलडोझर पाठवला, तेव्हा ही म्हातारी आडवी बसली होती. चालवणाऱ्याला म्हणाली, "तुला याच हातांनी जगात आणलंय, बाबा. घाल आता अंगावर." त्याने गुपचूप गाडी मागे घेतली.

"मामा, पानं फार होतायत," नगराध्यक्ष गोड हसले. "एवढं एक काढा, नाहीतर छपाईचं अवघड दिसतंय. तुमच्या कारकिर्दीचं प्रकरण मात्र झकास. तुमच्या हातून बक्षीस घेतानाचा आमचा फोटोही त्यातच आहे ना?"

"त्यातच आहे. करतो जागा," मामा म्हणाले.

प्रकाशनाच्या दिवशी नगराध्यक्षांनी व्यासपीठावरच पुस्तक उघडलं. सुईणबाई आपल्या पानावर ठाण मांडून होती. मामांचं प्रकरण गायब, आणि त्याच्याबरोबर फोटोही.

"मामा, हे काय केलंत?"



"आमच्या साप्ताहिकात जागा कमी पडली की आधी संपादकाचा मजकूर काढायचो. सवय जात नाही बघा."

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या सुईणबाईची आठवण असू द्या.