पेटतं टोक

"आई एकवीरेची आण, शेट. माजा दादला इडीला हात लावत न्हाय," केसर म्हणाली.

रेवदंड्याच्या धक्क्यावर दिनानाथ शेट मचव्यासाठी खलाशी घेत होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांच्या घोड्यांना गवत न्यायचं होतं. गेल्या साली एका विडीपायी त्यांचा गवताने भरलेला मचवा भर समुद्रात जळाला, दोन माणसं गेली. तेव्हापासून विडी ओढणाऱ्याला काम नाही. आणि पुरुषांच्या शपथेवर शेटचा काडीचा विश्वास नव्हता. शपथ बायकोने घ्यायची. सकाळपासून सहा बायकांनी घेतली होती आणि त्यांचे सहा नवरे मचव्यावर चढले होते. आता एकच जागा उरली होती.

शेटचं डोकं तल्लख, यात वाद नाही. पण पोटापुढे देवीही दोन पावलं मागे सरते, हे भरल्या पोटाला कुठून कळावं?

केसरच्या मागे तिचा नवरा काळूराम ओठ मिटून उभा होता. चार दिवस घरात नुसती पेज होती. येताना वाटेत त्याने सवयीने विडी शिलगावली होती आणि ती अजून तोंडातच होती. वाऱ्यात विझू नये म्हणून इथले खलाशी विडीचं पेटतं टोक आत धरतात. थोटूक उरलं की ओठ मिटून घेतले तरी चालतं, बाहेरून काही दिसत नाही. शेट समोर आले तेव्हा काळूरामच्या ते ध्यानात आलं, आणि तोवर उशीर झाला होता.

"तू बोल की रे," शेट त्याला म्हणाले. "ओढतोस?"

काळूरामने नकारार्थी मान हलवली.

"मान नको हलवू. तोंडाने सांग."

काळूरामच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. डोळे पाण्याने भरले. मग तो म्हणाला, "न्हाय."

शब्दाबरोबर धूर बाहेर आला.

केसरने पदर तोंडावर दाबला. शेटच्या हातातली छत्री खाली पडली.

"आ कर," ते कसेबसे म्हणाले.

त्याने तोंड उघडलं. विडी नव्हती. जीभ मधोमध पांढरी पडली होती आणि टाळूचं कातडं सुटून लोंबत होतं. माणूस जिता निखारा गिळतो आणि वर उभा राहतो, असं शेटनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"अरे बाबा, थुंकून टाकायचीस ना." ते म्हणाले.

काळूरामने पायांकडे पाहिलं. धक्काभर पेंढ्या रचल्या होत्या आणि तिघंही घोटाभर वाळल्या गवतात उभी होती.

"कुठं थुकू?" तो जड जिभेने म्हणाला.

शेटना त्याच्याकडे बघवेना, म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

"नियम तो नियम," ते पुटपुटले. "जा तू."

केसरने नवऱ्याचा दंड धरला. दोघं चार पावलं गेली आणि ती थांबली.

"सात जनी आलो शेट, साती जनींची आण खोटी," ती म्हणाली. "बाकीच्या सा जनांनी आपापली इडी कुठं थुकली, तेवढं बघून घ्या."